छोट्या मरीन टँकमध्ये मँडरिन : आधी खाणं, मग मासा

मँडरिन ड्रॅगोनेट हा छोटा, रंगीबेरंगी समुद्री मासा बहुतेक घरांत खराब पाण्याने मरत नाही. भुकेने मरतो, आणि तेही सावकाश. टेस्ट किटवरचे आकडे चोख असतात, मासा दिवसभर दगडांवर टोचे मारत फिरत असतो, म्हणून मालक निर्धास्त. महिना-दीड महिन्याने पोट खपाटीला जातं, पाठीवर धार दिसू लागते, आणि मग प्रश्न येतो, "याला काय खायला देऊ?" तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

चूक क्रमाची आहे. मासा आधी आणला जातो आणि त्याच्या खाण्याची सोय नंतर शोधली जाते. हा लेख १०० ते १५० लिटरच्या टँकसाठी आहे. ३०० लिटरच्या वर, वर्षभर मुरलेला दगडभरला टँक असेल, तर तिथे मँडरिन बराचसा आपल्या जिवावर जगतो. लहान टँकमध्ये तो दगडांवरचे पॉड्स (कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले ठिपक्याएवढे जीव) काही आठवड्यांत फस्त करतो. तिथे पॉड्स हे तोंडी लावणं. पोट भरायचं ते तुमच्या हातून. त्यामुळे लहान टँकसाठी नियम दोन : घरात पॉड्सचं कल्चर, म्हणजे भांड्यातली पैदास, चालू असली पाहिजे, आणि मासा फ्रोझन (गोठवलेलं खाणं) खाणारा असला पाहिजे. दोन्हींपैकी एक जमत नसेल तर हा मासा आणू नका.

मीठ कालवण्यापासून मासा टँकमध्ये मोकळा सोडण्यापर्यंत सहा-सात महिने धरून चाला.

## टप्पा १ : टँक आणि दगड

६०×४५×४५ सेंमीचा टँक कागदावर १२१ लिटरचा भरतो. दगड-वाळू गेल्यावर हाती ९५-१०० लिटर पाणी उरतं. याच्या खाली जाऊ नका. तापमान २४ ते २६ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. मरीन टँक चालवणाऱ्याला हे नवीन नाही, म्हणून यावर जास्त बोलत नाही. पाणी आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेलं आणि मीठ विकतचं वापरा. किनाऱ्यावरून कॅन भरून आणलेलं पाणी या कामाला नको.

मँडरिनसाठी वेगळं लक्ष द्यायचं ते दगडांकडे. १० ते १२ किलो भोकाभोकांचा, हलका दगड घ्या. त्याशिवाय दोन ते चार सेंमीच्या तुकड्यांचा एक ढीग मागच्या कोपऱ्यात सैल रचून ठेवा. या ढिगाच्या आत मासा शिरू शकत नाही, पॉड्स मात्र तिथे वाढतात आणि थोडे थोडे बाहेर येत राहतात. वाळू बारीक, दोन-तीन सेंमी जाडीची पुरे.

संप (टँकखालची फिल्टरची जोडटाकी) असेल तर त्यातला एक कप्पा रेफ्युजियम, म्हणजे पॉड्ससाठी माशांपासून सुरक्षित जागा, करा : कीटोमॉर्फा शेवाळाचा गोळा, वर दिवा, आणि तो दिवा रात्री चालू, म्हणजे टँकचा दिवा बंद असतो तेव्हा. संप नसेल तर मागे टांगायचा मोठा फिल्टर रिकामा करून त्यात हेच करता येतं.

टँकवर झाकण हवंच. मँडरिन दिवसा संथ दिसतो, पण संध्याकाळी घाबरला तर उडी मारतो. काच लावली तर उन्हाळ्यात पाणी तापतं, त्यापेक्षा जाळीचं झाकण आणि वर पंखा बरा. पंख्याने बाष्पीभवन वाढतं, म्हणून रोज गोड्या आरओ पाण्याची भर घाला. नाहीतर खारटपणा चढत जातो. मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात खोलीच ३२-३३ अंशांवर असते आणि मुंबईच्या दमट हवेत पंख्याची मात्रा फारशी चालत नाही. तिथे चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च आधीच धरा.

सावध : मालवण-रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरून "लाइव्ह रॉक" (जीव वस्तीला असलेला दगड) म्हणून दगड उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, आणि त्या दगडावर प्रवाळ नाही हे सिद्ध करत बसायची वेळ तुमच्यावर येईल. कोरडा किंवा कृत्रिम दगड घ्या. पॉड्स आपण बाहेरून पेरणारच आहोत.

## टप्पा २ : पॉड्सचं कल्चर, टँकमध्ये पेरणी करण्याच्या किमान दोन महिने आधी

लोक नेमका हाच टप्पा गाळतात. "दुकानातून महिन्याला एक बाटली पॉड्स आणून ओतीन" हा हिशेब बसत नाही. मासा दिवसभर, दर काही सेकंदांनी एक टोचा मारणारा आहे. एक बाटली त्याला दोन-चार दिवसांचीही नाही.

कोणते पॉड्स? टिस्बे लहान असतात, दगडांच्या फटींत राहतात आणि टँकमध्येच वाढतात. म्हणून पेरायला टिस्बे. टिग्रिओपस मोठे, लालसर, मिलिमीटरभर लांबीचे. ते उघड्यावर पोहतात आणि माशाच्या लगेच नजरेत भरतात, पण टँकमध्ये टिकत नाहीत. म्हणून खायला घालायला टिग्रिओपस. अपोसायक्लॉप्स मिळाले तर आपल्या उकाड्यात ते जास्त तग धरतात. दोन जाती, दोन वेगळी भांडी.

१. पाच लिटरची पांढरी बादली किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या. पांढरा अशासाठी, की आत काय चाललंय ते दिसतं. साबणाने धुतलेलं भांडं नको.

२. टँकच्याच खारटपणाचं, पण ताजं कालवलेलं पाणी चार लिटर. टँकमधलं पाणी वापरलंत तर त्यासोबत नको ते जीवही येतात.

३. हवेची नळी टाका, एअरस्टोन लावू नका. बारीक बुडबुडे पॉड्सना त्रास देतात. सेकंदाला दोन-तीन मोठे बुडबुडे पुरे.

४. बाटलीभर पॉड्स सोडा आणि जिवंत फायटोप्लँक्टन (पॉड्सचं खाणं असलेलं सूक्ष्म शेवाळ) इतकंच घाला की पाणी फिकट हिरवं दिसेल, शहाळ्याच्या पाण्यात हिरव्या रंगाचा थेंब पडल्यासारखं. पाणी पुन्हा पारदर्शक झालं की पुढचा डोस. पोपटी-गडद केलंत तर रात्रीत प्राणवायू संपतो आणि सकाळी तळाशी गुलाबी-करडा गाळ मिळतो.

५. आठवड्याला एक-दीड लिटर पाणी बारीक जाळीतून गाळून बदला. जाळीत अडकलेले पॉड्स परत बादलीत.

६. पहिले तीन-चार आठवडे काहीही काढू नका. टॉर्च बाजूने मारल्यावर भिंतीवर ठिपकेच ठिपके दिसले की मग काढणी. एका वेळी पाव हिस्सा, त्याहून जास्त नाही.

प्रत्येक जातीची दोन भांडी ठेवा, आणि ती दोन खोल्यांत. कल्चर बसतं, म्हणजे भांड्यातले पॉड्स एकदम मरतात; कधीतरी बसतंच. दोन्ही भांडी शेजारी ठेवून एकच ड्रॉपर दोन्हींत बुडवलात तर दोन्ही एकदमच बसतील. फायटोप्लँक्टनच्या बाटलीला तर पॉड्सच्या भांड्यातला ड्रॉपर कधीच लागू देऊ नका, नाहीतर पॉड्स बाटलीतच हिरवाई चरून संपवतात. फायटोची बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज एकदा हलवा.

तपासा : काढणी सुरू केल्यावर सलग तीन आठवडे पाव-पाव काढूनही भांड्यातली गर्दी कमी होत नाही ना? मगच पुढे.

## टप्पा ३ : टँकमध्ये पेरणी

सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये स्थिरावणं) पूर्ण होऊन टँक तीन-चार महिन्यांचा झाला, दगडांवर तपकिरी-हिरवा थर चढला, की पेरणी करा. दिवे बंद झाल्यावर पंप आणि पावरहेड (पाण्यात प्रवाह करणारा छोटा पंप) तासभर थांबवा, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) काढा, यूव्ही दिवा असेल तर तो बंद. मग बारीक पाइपने टिस्बे थेट तुकड्यांच्या ढिगात आणि रेफ्युजियममध्ये सोडा. वरून ओतलेले पॉड्स निम्मे क्लाउनफिशच्या पोटात आणि उरलेले सॉकमध्ये जातात. दर आठवड्याला असं दोन महिने.

तपासा : दिवे गेल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची टॉर्च काचेवर धरा. तळहाताएवढ्या जागेत डझनांनी पांढरे ठिपके सरकताना दिसले पाहिजेत. दोन-चारच दिसले तर आणखी महिना थांबा. थांबायला पैसे पडत नाहीत.

याच वेळी टँकमधल्या बाकीच्या मंडळींकडे बघा. सिक्सलाइन रास हा मासा दिवसभर हेच पॉड्स टिपतो आणि मँडरिनला टोचतोही. तो असेल तर बेत सोडा. स्कूटर ब्लेनी म्हणून विकला जाणारा मासा हाही ड्रॅगोनेटच, म्हणजे थेट वाटेकरी. कार्पेट ॲनिमोन संथ माशाला धरतो. क्लाउनची जोडी चालते.

## टप्पा ४ : मासा निवडणं

दुकानात हा "मँडरिन गोबी" म्हणून मिळेल. निळा-हिरवा नारिंगी पट्ट्यांचा स्प्लेंडिडस आणि हिरवट अंगावर गोल ठिपक्यांचा पिक्चुरेटस, दोन्हींची निगा सारखीच. आपल्या समुद्रातला हा मासा नाही. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पट्ट्यातून येतो. म्हणजे दुकानात पोहोचेपर्यंत त्याने बरेच उपाशी दिवस काढलेले असतात.

शक्य असेल तर टँकमध्ये पैदास झालेला घ्या. असे मासे साधारण २०१० पासून बाजारात आहेत, आपल्याकडे क्वचित आणि महाग मिळतात, पण फ्रोझन खायची शक्यता त्यांच्यात कितीतरी जास्त. जंगली असेल तर या क्रमाने बघा :

- वरून. दुकानदाराला झाकण काढायला सांगा. डोक्यामागून शेपटीपर्यंत अंग गोलसर भरलेलं हवं. डोक्याच्या मागे खळगा किंवा पाठीवर धार दिसली तर तो मासा तुम्ही वाचवू शकणार नाही. कीव येऊन घेऊ नका.
- बाजूने. छातीच्या पराच्या मागे पोट किंचित बाहेर आलेलं हवं. अंगावर टोचल्याची खूण नाही ना ते पाहा. फिलिपिन्समध्ये हे मासे सुईसारख्या बारीक भाल्याने एकेक करून पकडतात.
- खाताना. हे सगळ्यात महत्त्वाचं. फ्रोझन सायक्लॉप्स (पॉड्सचाच एक प्रकार) किंवा फ्रोझन आर्टेमिया (बारीक, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा जीव) समोर टाकायला लावा. जिवंत आर्टेमिया बहुतेक मँडरिन खातात, त्यावरून काही कळत नाही. दुकानदार कां-कूं करत असेल तर पुढच्या आठवड्यात परत या.

पहिल्या पाठीच्या पराचा पुढचा काटा लांब असेल तो नर. दोन नर लहान टँकमध्ये एकमेकांना जगू देत नाहीत. नर-मादी जोडी राहते, पण खाणं दुप्पट लागतं. १०० लिटरमध्ये एकच ठेवा.

## टप्पा ५ : घरी आणणं

जाळीने पकडू देऊ नका. गालाजवळ काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा फाटतो. प्लॅस्टिकच्या मगात हाकलून मगासकट उचलायचा. पिशवी स्वतंत्र हवी. या माशाला खवले नसतात, अंगावर जाड, घाणेरड्या वासाचा चिकट थर असतो, आणि घाबरला की तो हा चिकटा पाण्यात सोडतो. म्हणून पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मग अर्धा-पाऊण तास थेंब-थेंब पाणी मिसळा, दिवे मंद ठेवा.

सावध : खबरदारी म्हणून तांब्याचं औषध देऊ नका. खवले नसलेल्या माशाला ते झेपत नाही. व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग) मँडरिनला जाड चिकट्यामुळे तुलनेने कमी होतो. त्याला खरा धोका उपासाचाच, आणि औषधाच्या रिकाम्या क्वारंटाइन टँकमध्ये उपासच घडतो.

## टप्पा ६ : पेटीतली शिकवणी

मासा थेट दगडांत सोडला की शिकवणी संपली. समोर पॉड्स असताना तो तुमच्या फ्रोझनकडे बघणारही नाही, आणि पॉड्स संपल्यावर शिकायची ताकद त्याच्यात उरणार नाही. म्हणून आधी पेटी. टँकच्या आत टांगायची, तीन ते पाच लिटरची, बारीक जाळीच्या बाजूंची ब्रीडर बॉक्स घ्या. तळावर वाळू नको, आडोशाला एक दगड.

पहिले तीन-चार दिवस फक्त जिवंत खाणं. टिग्रिओपस आणि ताजी आर्टेमियाची पिल्लं. आर्टेमियासाठी एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा अंडी, २६ ते २८ अंश तापमान, जोरात हवा, वर दिवा. चोवीस तासांत पिल्लं बाहेर. हवा दहा मिनिटं बंद करून दिवा तळाशी धरला की टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. ती नळीने ओढून गाळा आणि धुवा. टरफलं पचत नाहीत, जाऊ देऊ नका. सहा तासांच्या आत खायला घाला, कारण पिल्लू आपल्याच अंगातलं पोषण वापरत असतं आणि उशीर केलात तर उरतं ते बरंचसं पाणी.

या दिवसांत त्याचं खाणं जवळून बघून घ्या. मँडरिन झडप घालत नाही. घासासमोर थबकतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून निरखतो, डोकं किंचित खाली करतो, आणि मग तोंड नळीसारखं पुढे येऊन घास आत. घास नापसंत असेल तर लगेच थुंकतो. हे थबकणं-निरखणं दिसलं, तर घास पुढे नाकारला तरी शिकवणी रुळावर आहे.

पाचव्या दिवसापासून मिसळ. फ्रोझन आर्टेमियाची पिल्लं, सायक्लॉप्स किंवा माशांची बारीक अंडी वाटीत टँकच्या पाण्यात वितळवा, गाळा, वितळलेलं पाणी फेकून द्या. पाव फ्रोझन, पाऊण जिवंत. ड्रॉपरने हळूच तळाशी सोडा. जिवंत कणांच्या हालचालीत फ्रोझन कणही हलतात आणि चुकून तोंडात जातात. चुकून गेलेला घास थुंकला नाही की निम्मं काम झालं.

दर चार-पाच दिवसांनी प्रमाण बदला, मासा फ्रोझन गिळताना दिसत असेल तरच. दिवसाला चार वेळा, थोडं थोडं. उरलेलं अर्ध्या तासाने ओढून काढा. पेटी लहान आहे, सडायला वेळ लागत नाही.

मायसिस (कोळंबीसारखा, आकाराने मोठा जीव) आणि ग्रॅन्युलची (कोरड्या दाण्यांची) घाई नको. मायसिस सुरुवातीला चिरून द्यावं लागतं. बुडणारे अर्धा मिलिमीटरचे ग्रॅन्युल खायला लागला तर बोनस, नाही लागला तरी बिघडत नाही.

तपासा : सलग सात दिवस, जिवंत काहीही न देता, फक्त फ्रोझनवर पोट गोल राहिलं का? विष्ठा दिसते का? दोन्ही उत्तरं हो असतील तरच पेटीतून सुटका. महिनाभरात फ्रोझनला अजिबात तोंड लावलं नाही, तर मुरलेला मोठा टँक असलेल्या कुणाला मासा देऊन टाका. अंगावर मांस आहे तोवर द्या. खंगल्यावर दिलेला मासा तिथेही जगत नाही.

## टप्पा ७ : टँकमधलं रोजचं जेवण

मोकळ्या टँकमध्ये अडचण वेगाची. तुम्ही खाणं टाकता, क्लाउन अर्ध्या मिनिटात संपवतो, मँडरिन अजून पहिल्या कणाकडे निरखत असतो. उपाय म्हणजे जेवणाची बरणी. लहान काचेची बरणी वाळूवर आडवी ठेवा, तोंड मँडरिन शिरेल एवढंच. झाकणाला भोक पाडून किंवा तोंडातून एक कडक नळी पाण्याच्या वरपर्यंत आणा, आणि सिरिंजने वितळवलेलं खाणं त्या नळीतून बरणीत सोडा. ही बरणी पेटीत असतानाच दोन-तीन दिवस आत ठेवली तर ओळख झालेली असते.

१. बाकीच्या माशांना टँकच्या दुसऱ्या टोकाला आधी खायला घाला.
२. पावरहेड बंद.
३. बरणीत खाणं सोडा.
४. वीस मिनिटं थांबा, मग पंप सुरू. पंप चालू करायचा विसर पडतो, म्हणून मोबाइलवर गजर लावाच.

सकाळी, दुपारी, संध्याकाळी दिवे जायच्या आधी, अशा तीन वेळा. दुपारी घरी कुणी नसेल तर निदान दोन, आणि आठवड्याला दोनदा कल्चरमधले पॉड्स. टिस्बेची पेरणी चालूच ठेवायची.

इतकं खाणं १०० लिटरमध्ये गेलं की नायट्रेट आणि फॉस्फेट चढणार. आठवड्याला १०-१५ लिटर पाणी बदला, बरणीतला उरलेला गाळ रोज ओढा, कीटोमॉर्फाचा गोळा वाढला की निम्मा काढा. नायट्रेट १५ पीपीएमच्या आत ठेवता आलं तर उत्तम. थोडं शेवाळ आलं म्हणून मँडरिनचं खाणं कमी करणं हा उपाय नव्हे.

## टप्पा ८ : आठवड्याचा फोटो

रोज बघणाऱ्याला बारीक होणं दिसत नाही. दर रविवारी, सकाळच्या खाण्याआधी, एकाच जागेवरून बाजूने आणि वरून फोटो काढा आणि महिन्यापूर्वीच्या फोटोशेजारी ठेवा. पोट आत गेलेलं दिसलं तर त्याच दिवशी पुन्हा पेटी, आर्टेमियाची पिल्लं चार वेळा. खातोय भरपूर पण तरी वाळतोय आणि विष्ठा पांढरी-दोऱ्यासारखी असेल, तर पोटात जंत असण्याची शक्यता धरा आणि मरीन माशांचं औषधपाणी जाणणाऱ्याला फोटो दाखवा.

## टप्पा ९ : गणपतीला गावी जाताना

ऑटोमॅटिक फीडर मँडरिनच्या उपयोगाचा नाही. दोन दिवसांसाठी निघत असाल तर आदल्या रात्री एका भांड्यातले निम्मे टिग्रिओपस टँकमध्ये सोडा, तेवढ्यावर निभतं. चार-पाच दिवस असतील तर शेजाऱ्याची मदत लागेल. आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत दर कप्प्यात एका वेळचं फ्रोझन भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि त्याला एवढंच सांगा : एक कप्पा, वाटीत वितळव, सिरिंजने नळीत. फ्रोझनचं मूळ पाकीट त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, कारण पाहुण्या हाताने खाणं नेहमी जास्तच पडतं. निघण्याआधी एकदा त्याच्याकडून तुमच्यासमोर करवून घ्या. एअरपंप बॅटरीवर चालणारा असू द्या. वीज गेली तर टँकच्या आधी कल्चरची भांडी बसतात, आणि परत आल्यावर पहिली टॉर्च तिकडेच मारायची.